'चूज' हे क्रियापद वाक्यात नीट बसवायचं कसं?

'चूज' म्हणजे निवडणे, हे शाळेतच पाठ झालेलं असतं. तरीही वाक्य लिहायला घेतलं की पेन थांबतं, कारण अडचण या क्रियापदाच्या अर्थात नसतेच. अडचण असते त्याच्या पुढच्या शब्दात. 'चूज'नंतर 'टू' येईल की 'बिटवीन', 'फ्रॉम' येईल की 'ओव्हर', की काहीच येणार नाही? मराठीत हे काम 'ला', 'मधून', 'पैकी', 'पेक्षा', 'म्हणून' असे प्रत्यय आणि शब्द करतात. आपण वाक्य मनात मराठीत जुळवतो आणि यातल्या प्रत्येकाच्या जागी एकेक इंग्रजी शब्द ठेवून मोकळे होतो. 'चूज'च्या बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून या लेखात त्याच वाटेने जाऊ.

खाली इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा. तोंडाला सवय झाली की हाताला आपोआप होते.

आधी रूपं आणि उच्चार

वर्तमानकाळी रूप 'चूज', स्पेलिंग सी-एच-ओ-ओ-एस-ई. भूतकाळ 'चोज', सी-एच-ओ-एस-ई. 'हॅव', 'हॅज', 'हॅड' किंवा 'वॉज'नंतर येणारं तिसरं रूप 'चोजन', सी-एच-ओ-एस-ई-एन. 'चूज्ड' असं रूपच नाही.

मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत, त्यामुळे इथे थोडं सांभाळा. च हा 'चिमणी'तला, 'चूल'मधला नव्हे. ज मात्र 'जाड'मधल्यासारखा, 'जीव'मधला नव्हे. 'चोज पुरवणे' यातल्या मराठी शब्दाशी भूतकाळी रूपाची गल्लत झाली तर फक्त च बदला, बाकी सारखंच आहे.

स्पेलिंगचा घोळ होतो तो 'लूज'मुळे. 'हरणे, गमावणे' या अर्थाच्या शब्दात उच्चार दीर्घ 'ऊ' असूनही ओ एकच आहे. ती सवय इकडे येते आणि 'चूज' लिहायचं असताना एका ओचं 'चोज' लिहिलं जातं. दोन्ही स्पेलिंग शब्द म्हणून बरोबर असल्यामुळे साधा स्पेलचेकर खाली लाल रेघ ओढत नाही. तेव्हा हे डोळ्यांनीच तपासायचं: आत्ताचं असेल तर दोन ओ, झालेलं असेल तर एक.

हे स्पेलिंग पूर्वी इतकं पक्कंही नव्हतं. 1787 मध्ये लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत प्रतिनिधीगृह आपला अध्यक्ष निवडेल असं जिथे म्हटलंय, तिथे हाच शब्द सी-एच-यू-एस-ई असा लिहिलेला आहे. आज मात्र तसं लिहिलं तर मार्क जातील.

'डिड'बरोबर मूळ रूपच येतं: "डिड यू चूज?", "आय डिडन्ट चूज इट." यात 'चोज' घातलं तर भूतकाळ दोनदा होतो.

'चूज' हवं की 'डिसाइड'?

वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारा: समोर पर्याय मांडलेले आहेत का? असतील तर 'चूज'. नुसता मनाचा निश्चय सांगायचा असेल तर 'डिसाइड'.

मराठीतलं 'ठरवणे' दोन्हीकडे चालतं, त्यामुळे फसगत होते. "मी निळा रंग ठरवला" हे आपल्याला खटकत नाही. पण "आय डिसायडेड द ब्लू कलर" हे इंग्रजीत चालत नाही. एक तर "आय चोज द ब्लू वन" म्हणा, नाहीतर "आय डिसायडेड ऑन द ब्लू वन". तो 'ऑन' गाळायचा नाही. उलट बाजूने, "मी जाणार असं ठरवलं" याला "आय डिसायडेड दॅट आय वुड गो" चालतं, पण "आय चोज दॅट आय वुड गो" चालत नाही. 'चूज'ला असं 'दॅट'वालं शेपूट लागत नाही.

दोन्ही शब्दांची मुळं पाहिली की फरक पटकन लक्षात राहतो. 'डिसाइड' ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ कापून टाकणे. चर्चा तोडली, विषय संपवला. 'चूज'चं मूळ चाखण्या-आवडण्याशी जोडलेलं आहे आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृतमधल्या 'जुष्' या धातूशी सांगतात, म्हणजे आवडीने घेणे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'जोषयेत्सर्वकर्माणि' आहे, तो हाच धातू.

आता पुढचा शब्द

सगळ्यात सोपी रचना म्हणजे 'चूज' आणि थेट ती वस्तू: "शी चोज अ विंडो सीट." मध्ये काहीही नाही. माणूस आला की मात्र आपला 'ला' आडवा येतो. "त्यांनी तिला निवडलं" याचं "दे चोज टू हर" होतं. इथला 'टू' काढून टाका: "दे चोज हर." मराठीतला 'ला' दिसला की इंग्रजीत 'टू' आलाच पाहिजे असं मुळीच नाही, आणि 'चूज'च्या बाबतीत तर निवडलेल्या माणसाआधी तो कधीच येत नाही.

दुसऱ्यासाठी निवडलं असेल तर दोन्ही तऱ्हा चालतात: "शी चोज अ बुक फॉर मी" आणि "शी चोज मी अ बुक". पहिली जास्त सरळ आहे, तीच वापरा.

'टू' येतो तो क्रियापदाच्या आधी: "ही चोज टू स्टे." 'टू'नंतर कायम मूळ रूप. वाक्य भूतकाळातलं असलं तरी "चोज टू स्टेड" होत नाही. भूतकाळ 'चोज'ने दाखवून झाला आहे. "चोज स्टेइंग" हेही टाळा.

या 'चूज टू'ला एक सूर आहे, आणि पुस्तकात तो क्वचितच सांगतात. "शी डिसायडेड टू लीव्ह" म्हणजे तिने निघायचं ठरवलं, एवढंच. "शी चोज टू लीव्ह" म्हटलं की मागे एक न बोललेलं वाक्य उभं राहतं: थांबणं शक्य होतं, तरी तिने निघणं पसंत केलं. जबाबदारी तिच्यावर येते. म्हणून स्वतःबद्दल लिहिताना याने ठामपणा येतो: "आय चोज टू टीच." दुसऱ्याबद्दल लिहिताना तोच शब्द बोचतो. ऑफिसच्या ईमेलमध्ये "यू चोज टू इग्नोर माय मेसेज" लिहिलंत तर तो सरळ आरोप आहे, 'तुम्ही मुद्दाम दुर्लक्ष केलंत' असा. तसा हेतू नसेल तर "यू मे हॅव मिस्ड माय मेसेज" लिहा. व्याकरणाच्या चुकीपेक्षा ही सुराची चूक महागात पडते, कारण व्याकरण चुकलं तर समोरचा समजून घेतो, सूर चुकला तर रागावतो.

नकाराचंही तसंच. ही दोन वाक्यं पाहा:

"ही डिडन्ट चूज टू कम."
"ही चोज नॉट टू कम."

मराठीत जो फरक 'त्याने यायचं ठरवलं नाही' आणि 'त्याने न यायचं ठरवलं' यात आहे, तोच इथे आहे. पहिल्या वाक्यात त्याने यायची निवड केली नाही एवढंच कळतं. कदाचित तो आलाही असेल, पण स्वतःच्या मर्जीने नाही. "आय डिडन्ट चूज टू बी हिअर" याचा अर्थ 'मी इथे आहे, पण माझ्या मर्जीने नाही' असाच होतो. दुसऱ्या वाक्यात मात्र त्याने विचारपूर्वक न येणं निवडलं, आणि तो आला नाही. म्हणजे 'नॉट' कुठे ठेवला यावर माणूस खोलीत आहे की नाही हे ठरतं. मुद्दाम टाळलं असं सांगायचं असेल तर 'नॉट' हा 'टू'च्या आधी, अगदी चिकटून.

पैकी, मधून, पेक्षा

दोन गोष्टींतून एक निवडायची तर 'बिटवीन', आणि त्याच्या जोडीला 'अँड': "यू हॅव टू चूज बिटवीन हिस्टरी अँड मॅथ्स." मराठीत आपण 'इतिहास किंवा गणित यांपैकी' म्हणतो, म्हणून हात 'ऑर'कडे जातो. 'बिटवीन'बरोबर 'ऑर' नाही. 'ऑर' हवाच असेल तर 'बिटवीन' काढा: "यू कॅन चूज हिस्टरी ऑर मॅथ्स." हेही शुद्ध आहे.

'बिटवीन' फक्त दोघांसाठी आणि तिघांपासून पुढे 'अमंग', हा शाळेतला नियम वाटतो तितका कडक नाही. वेगवेगळे, नाव घेऊन सांगता येणारे तीन-चार पर्याय असतील तर चांगले इंग्रजी लेखकही 'बिटवीन'च वापरतात: "शी हॅड टू चूज बिटवीन लॉ, मेडिसिन अँड म्युझिक." कुणी यावरून मार्क कापले तर वाद घालू नका, पण मनात हेच बरोबर धरा.

ढीग मोठा असेल तर 'फ्रॉम': "चूज अ नंबर फ्रॉम धिस लिस्ट." मराठीतल्या 'मधून'मुळे "फ्रॉम इन" करायची गरज नाही.

आता एक बारीक गोष्ट, जी इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्यांचीही सुटते. "निवडायला खूप पुस्तकं होती" याचं काय कराल? "देअर वेअर मेनी बुक्स टू चूज" असं लिहून थांबलात तर वाक्य अपुरं राहतं. शेवटी 'फ्रॉम' हवा: "देअर वेअर मेनी बुक्स टू चूज फ्रॉम." तुम्ही सगळी पुस्तकं निवडणार नाही आहात, त्यांच्यामधून एखादं निवडणार आहात. मराठीत 'निवडायला' या एका शब्दात ते सामावतं, इंग्रजीत सांगावं लागतं. वाक्य 'फ्रॉम'वर संपलेलं विचित्र दिसतं म्हणून तो गाळू नका.

'पेक्षा'ची गोष्ट याहून वाईट. 'पेक्षा म्हणजे दॅन' हे समीकरण इतकं घट्ट बसलेलं असतं की "बसपेक्षा मी ट्रेन निवडली" याचं "आय चोज द ट्रेन दॅन द बस" सर्रास होतं. 'दॅन'ला आधी तुलना लागते: 'मोअर', 'बेटर', 'रादर' असं काहीतरी. 'चूज'मध्ये तुलनेचा शब्द नाही. इथे 'ओव्हर' वापरा: "आय चोज द ट्रेन ओव्हर द बस." निवडलेली गोष्ट आधी, सोडलेली नंतर. क्रम उलटला तर अर्थही उलटतो. हे जपावं लागतं, कारण मराठीत सोडलेली गोष्ट आधी येते.

'म्हणून' आणि 'साठी'

"तिला कॅप्टन म्हणून निवडलं": "दे चोज हर अ‍ॅज कॅप्टन." हा 'म्हणून' म्हणजे 'अ‍ॅज', 'सो' नव्हे. "दे चोज हर टू बी कॅप्टन" हेही चालतं. काम सांगायचं असेल तर "दे चोज हर टू लीड द टीम", आणि पद किंवा कामाचं नाव नुसतं नाम म्हणून आलं तर "दे चोज हर फॉर द जॉब". 'फॉर'नंतर जागा किंवा काम येतं, माणसाची ओळख नाही. "चोज हर फॉर कॅप्टन" ऐकू येतं, पण लिहिताना 'अ‍ॅज' ठेवा.

निवडणारा कोण हे महत्त्वाचं नसेल तर वाक्य फिरवा: "शी वॉज चोजन." मराठीत 'माझं सिलेक्शन झालं' म्हणायची सवय असते आणि त्यातून "माय सिलेक्शन इज डन" जन्माला येतं. त्याऐवजी "आय वॉज चोजन" किंवा "आय वॉज सिलेक्टेड".

'काय', 'कुठलं', 'की नाही' हे शब्दही 'चूज'पुढे सहज बसतात: "चूज व्हॉट टू रीड", "चूज व्हिच सीट यू वॉन्ट", "चूज वेदर टू स्टे". फक्त प्रश्नाची उलटापालट इथे करायची नाही. "चूज व्हिच सीट डू यू वॉन्ट" हे चूक.

काळाचा एक सापळा

"मी निवडलंय" म्हणजे "आय हॅव चोजन". इथवर ठीक. पण मराठीत आपण 'मी कालच निवडलंय' बिनधास्त म्हणतो, आणि तेच "आय हॅव चोजन इट यस्टरडे" होऊन कागदावर उतरतं. इंग्रजीत 'काल', 'गेल्या वर्षी', 'सोमवारी' अशी संपलेली वेळ आली की 'हॅव' बाद: "आय चोज इट यस्टरडे." वेळ सांगायची नसेल तरच 'हॅव चोजन'.

"आय अ‍ॅम चूजिंग" चालतं का? चालतं. निवड अजून सुरू असेल तर हेच बरोबर: "वेट, आय अ‍ॅम स्टिल चूजिंग."

'चॉइस' आणि बाकीची भावंडं

नाम 'चॉइस'. याच्या शेवटी खरा 'स' आहे. निवड 'करतात' म्हणून "डू अ चॉइस" नाही, "मेक अ चॉइस". 'दुसरा इलाजच नव्हता' यासाठी "आय हॅड नो चॉइस बट टू वेट" ही पक्की रचना पाठ करून ठेवा, 'बट टू' सकट.

मराठी बोलण्यात 'चॉइस'चा अर्थ मात्र सरकला आहे. 'तिची चॉइस भारी आहे' म्हणजे तिला चांगलं काय ते कळतं. इंग्रजीत "हर चॉइस इज गुड" म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की तिने आत्ता एखादी गोष्ट बरी निवडली. आपल्याला म्हणायचंय ते "शी हॅज गुड टेस्ट".

'पिक' हा घरगुती, 'सिलेक्ट' औपचारिक, फॉर्मवर आणि बटणांवर दिसणारा. 'ऑप्ट'ला नामाआधी 'फॉर' लागतो: "ही ऑप्टेड फॉर सायन्स." 'इलेक्ट' मतदानाचा. शंका असेल तेव्हा 'चूज' वापरा, तो जवळजवळ सगळीकडे खपतो.

वाक्प्रचारांपैकी "पिक अँड चूज" म्हणजे हवं तेवढंच वेचून घेणे, आणि "देअर इज नॉट मच टू चूज बिटवीन देम" म्हणजे दोन्ही सारखेच, डावं-उजवं करण्याजोगं काही नाही. "बेगर्स कान्ट बी चूजर्स" ही म्हण फक्त स्वतःबद्दल वापरा. दुसऱ्याला म्हटली तर तुम्ही त्याला भिकारी म्हणताय.

एक परिच्छेद दुरुस्त करून पाहू

वरचे सापळे एकत्र आले की असं काहीतरी तयार होतं:

"आय हॅड टू चूज बिटवीन हिस्टरी ऑर मॅथ्स. माय टीचर वॉन्टेड मी टू चूज मॅथ्स दॅन हिस्टरी. आय डिडन्ट चोज इट. आय हॅव चोजन हिस्टरी लास्ट इयर. इन द लायब्ररी देअर वेअर हंड्रेड्स ऑफ बुक्स टू चूज. नाऊ माय क्लास हॅज चूज टू मी फॉर लीडर."

पहिल्या वाक्यात 'ऑर'चा 'अँड' करा. दुसऱ्यात 'दॅन'च्या जागी 'ओव्हर'. तिसऱ्यात 'चोज'चं 'चूज', पण इथे थांबून विचार करा: आपण मुद्दाम गणित टाळलं असं लिहिणाऱ्याला म्हणायचं असेल तर "आय चोज नॉट टू" जास्त चपखल आहे, आणि जास्त धीटही. चौथ्यात 'लास्ट इयर' आहे, म्हणून 'हॅव' गेला. पाचव्याच्या शेवटी 'फ्रॉम'. सहाव्यात एकाच जागी तीन दुरुस्त्या आहेत: 'हॅज'नंतर 'चोजन', 'टू' बाद, आणि 'फॉर लीडर'चं 'अ‍ॅज लीडर'. झालं असं:

"आय हॅड टू चूज बिटवीन हिस्टरी अँड मॅथ्स. माय टीचर वॉन्टेड मी टू चूज मॅथ्स ओव्हर हिस्टरी. आय चोज नॉट टू. आय चोज हिस्टरी लास्ट इयर. इन द लायब्ररी देअर वेअर हंड्रेड्स ऑफ बुक्स टू चूज फ्रॉम. नाऊ माय क्लास हॅज चोजन मी अ‍ॅज लीडर."

तिसरं आणि चौथं वाक्य लागोपाठ 'आय चोज'ने सुरू होतात, ते कानाला खटकतं. चौथ्यात "आय टुक हिस्टरी" केलंत तरी चालेल. एकाच परिच्छेदात 'चूज' इतक्यांदा खऱ्या लेखनात येऊही नये.

आता तुम्ही

ही चार वाक्यं इंग्रजीत करा. खालची उत्तरं आत्ताच पाहू नका.

त्यांनी मला बोलण्यासाठी निवडलं. पैशापेक्षा तिने वेळ निवडला. त्याने उत्तर न द्यायचं ठरवलं. निवडायला फारसं काही नव्हतं.

उत्तरं: "दे चोज मी टू स्पीक." "शी चोज टाइम ओव्हर मनी." इथे मराठीतला क्रम उलटला आहे, तो तपासा. "ही चोज नॉट टू रिप्लाय." चौथ्याचं "देअर वॉजन्ट मच टू चूज फ्रॉम." शेवटी 'बिटवीन देम' लिहिलं असेल तर वाक्य शुद्धच आहे, पण मग तुम्ही पर्याय कमी होते असं न सांगता ते एकसारखे होते असं सांगितलंत.